लिस्बनचं २४ तासांचं तिकीट आणि त्यावर एकटीने काढलेला अख्खा दिवस

सुरुवातीलाच सांगते, लिस्बनसाठी एकच दिवस हातात असेल आणि एकटंच फिरायचं असेल तर ती वरून उघडी असणारी टुरिस्ट बस घेऊ नका, टुकटुक घेऊ नका, सरळ मेट्रो स्टेशनच्या मशीनवर जा आणि २४ तासांचं तिकीट काढा. मी ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले तेव्हा ते ६.८० युरोचं होतं, वर ५० सेंट त्या कार्डाचे, म्हणजे आपले साधारण साडेसहाशे-पावणेसातशे रुपये, आणि त्यात मेट्रो, बस, ट्राम आणि शहराच्या मधोमध उभी असलेली ती जुनी लोखंडी लिफ्टसुद्धा. टुकटुकवाल्याने मला एका तासाचे साठ युरो सांगितले होते. आता दर थोडे वाढलेत, दर जानेवारीत वाढतात तिथे, तरी हिशोब तोच राहतो.

पोर्तोला ऑफिसचं काम होतं, ते संपलं आणि परतीचं विमान लिस्बनवरून दुसऱ्या दिवशी सकाळचं, त्यामुळे मधला मंगळवार पूर्ण मोकळा मिळाला. (मंगळवार होता हे बरं झालं, सोमवारी तिथली बरीच म्युझियम आणि तो मोठा मठ बंद असतो, तेव्हा तारीख ठरवताना एवढं बघाच.) मी एकटी परदेशात अशी कधी फिरले नव्हते, कायम ग्रुप नाहीतर नवरा नाहीतर ऑफिसचे लोक, भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही, आणि वहिनीचा फोन आलेला की अगं एकटी काय करणार दिवसभर, हॉटेलवर झोप काढ. पण मी वसईची. लहानपणापासून किल्ल्यात खेळलोय आम्ही, पडक्या चर्चच्या भिंतींवर चढलोय, ज्या पोर्तुगीजांनी ते बांधलं त्यांचं गाव बघायचं मनात होतंच.

तिकिटाचं आधी नीट सांगते. मी आंझुश नावाच्या भागात राहिले होते, ग्रीन लाइनवर. मशीनवर भाषा बदलता येते, आधी नवीन कार्ड घ्यायचं की जुनं भरायचं ते विचारतं, मग तिकीट निवडायचं. कार्ड हातात येतं ते जाड पुठ्ठ्याचं, आपल्या मेट्रोच्या प्लास्टिक कार्डासारखं टणक नाही, म्हणून मागच्या खिशात ठेवू नका, वाकतं. २४ तास सुरू होतात ते पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून, विकत घेतल्यापासून नाही, आणि हे फार कामाचं आहे, म्हणजे रात्री गर्दी नसताना काढून ठेवायचं आणि सकाळी वापरायला सुरुवात करायची. मी सकाळी ७:४० ला टेकवलं, हिरवा दिवा, फाटक उघडलं. दर वेळी टेकवायचं, बसमध्ये ट्राममध्येसुद्धा, पास आहे म्हणून तसंच चढून बसायचं नाही, तपासनीस येतात आणि दंड जबरी आहे. एका माणसाला एक कार्ड, दोघांत एक चालत नाही. आणि एका कार्डावर एका वेळी एकाच प्रकारचं तिकीट राहतं, म्हणजे अर्धे पैसे टॉपअप आणि अर्धा पास असली सरमिसळ करता येत नाही, ते मला जरा गैरसोयीचं वाटलं. सिंत्रा किंवा काश्काइश या जवळच्या गावांना जायचं असेल तर हे चालणार नाही, त्याला लोकल ट्रेनसकट असलेलं तिकीट आहे, चारेक युरो जास्त पडतात.

निघायच्या आधी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले. काउंटरवरच्या बाईंनी काचेतल्या गोल ब्रेडकडे बोट करून विचारलं, "पाँउ?" नाकातून म्हणतात ते, पण आपला पावच तो! मी मान हलवली. मग त्यांनी मशीन पुढे केलं आणि काहीतरी म्हणाल्या त्यात मला एकच शब्द ऐकू आला, "पगार". पैसे देणे म्हणजे त्यांच्याकडे पगार, कार्डाने पगार करणार का असं विचारत होत्या त्या. मी तिथे तशीच उभी राहिले दोन सेकंद. महिनाभर राबून पहिल्या तारखेला ज्याची वाट बघतो तो शब्द या बाई पावाच्या काउंटरवर सहज वापरतायत. मग दिवसभर तोच छंद लागला. किल्ल्या करून देणाऱ्याच्या दुकानावर चावीचा शब्द, मंडईत बटाट्यावर बताता, अननसावर अननस, हार्डवेअरच्या दुकानाबाहेर बादल्यांची उतरंड आणि त्यावर बाल्द. कोबी, घमेलं, लिलाव, नाताळ, सगळं तिकडून आलेलं. पुस्तकात वाचलेलं असतं आपण, पण पाटीवर बघताना वेगळंच वाटतं. अनोळखी शहरात एकटीला पहिली भीती गेली ती त्या पाव आणि पगाराने गेली, खरं सांगते.

आता २८ नंबरची ट्राम. पिवळी, लाकडी खिडक्यांची, १९३० च्या दशकातले डबे आहेत ते, वळणं एवढी अरुंद आणि चढ एवढे खडे की नव्या लांब ट्राम तिथे जाऊच शकत नाहीत म्हणून जुन्याच चालवतात. मार्तिम मोनिश ते कांपु द ओरिक अशी जाते, ग्रासा, अल्फामा, कॅथेड्रल, खालचा बाजार, शियादु, इश्त्रेला, सगळं एका फेरीत. सगळ्या जगाला हे माहिती झालंय त्यामुळे दहानंतर मार्तिम मोनिशला भली मोठी रांग असते आणि आत मुंबईच्या लोकलसारखी गर्दी, खिसेकापू त्यावरच जगतात, बॅग पुढे घेऊन धरायची. मी आठच्या आसपास पोचले तर माझ्यापुढे बारा-पंधराच माणसं आणि खिडकीची जागा मिळाली. अल्फामात शिरल्यावर एका ठिकाणी भिंत एवढी जवळ येते की खिडकीतून हात बाहेर काढला तर कुणाच्या तरी दारावर टकटक करता येईल, वर दोरीवर चादरी वाळत घातलेल्या, एक आजोबा ट्राम जाऊ दे म्हणून दारात पाठ टेकून पोट आत ओढून उभे, चाकं रुळांवर कर्रर्र करतात आणि ड्रायव्हर पितळी मूठ फिरवतो आणि सगळा डबा मागेपुढे हलतो. लहानपणी आजोळी एसटीतून घाट उतरताना पोटात जे व्हायचं ते झालं.

पोर्ताश दु सोल या सज्ज्याशी उतरले. तिथून खाली लाल कौलं आणि पुढे तेजु नदी, एवढी रुंद की समुद्रच वाटतो. हे उतरणं-चढणं जे आहे ना, त्यात या तिकिटाची खरी किंमत वसूल होते. सुटं तिकीट घेतलं की डोक्यात हिशोब चालू राहतो, आता उतरले तर परत पैसे, ट्राममध्ये ड्रायव्हरकडून घेतलं तर तीन युरोच्या वर. पास असला की मन मोकळं, आवडलं तिथे उतरायचं, गुडघा दुखला तर दोनच स्टॉपसाठी बसायचं. लिस्बन सगळं टेकड्यांवर आहे आणि फूटपाथ सगळे त्या काळ्या-पांढऱ्या चुनखडीच्या बारक्या दगडांचे, दिसायला रांगोळीसारखे सुरेख पण पावलांनी झिजून गुळगुळीत झालेत, त्या दिवशी पहाटे भुरभुर पाऊस पडलेला आणि उतारावर पाय सटकत होते. रबरी सोलचे बूट घाला, चप्पल सॅंडल अजिबात नको.

खालचा बाजार, बायशा म्हणतात, तो पार सरळ चौकोनी रेघांत आखलेला आहे, वरच्या गल्ल्यांशी काही नातंच नाही. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात, मग आलेल्या लाटांत आणि आगीत हे सगळं गेलं, त्यानंतर मार्किस द पोंबाल या राजाच्या मंत्र्याने नव्याने आखून घेतलं. भर सणाचा दिवस होता, लोक चर्चमध्ये मेणबत्त्या लावून बसलेले. कार्मुचा मठ अजून बिनछपराचा तसाच ठेवलाय, कमानी उभ्या आणि वर आभाळ, मला तर वसईच्या किल्ल्यातच उभी असल्यासारखं झालं. तिथल्या बाजूलाच सांता जुश्ताची लिफ्ट वर येते, १९०२ ची, ४५ मीटर उंच, लोखंडी नक्षी आणि आत लाकडी केबिन. मी गेले तेव्हा तिचं सुटं तिकीटच पाच-सहा युरोचं होतं, पासमध्ये ती येत होती, त्यामुळे एका फेरीत जवळजवळ पास वसूल. पण रांग बघून जा, दुपारी तासभर उभं राहावं लागतं, मी संध्याकाळी उशिरा गेले. ते तिरके चढणारे डबे असतात, ग्लोरिया वगैरे, त्यात मी बसले नव्हते, आणि ३ सप्टेंबर २०२५ ला त्या ग्लोरियाचा अपघात होऊन सोळा माणसं गेली, बातमी वाचली तेव्हा हातपाय गार पडले होते. त्यामुळे जाण्याआधी काय चालू आहे काय बंद ते बघूनच दिवस आखा.

जेवणाचं थोडक्यात. बाजाराच्या भागातल्या एका हॉटेलात बसले, मी ऑर्डर द्यायच्या आधीच टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज, काहीतरी चटणीसारखं आणून ठेवलं, मला वाटलं आपल्याकडे कांदा-लिंबू ठेवतात तसं असेल, आणि बिलात त्याचे साडेसहा युरो. तिथे ही पद्धत आहे, न मागता आणलेलं खाल्लं नाही तर पैसे द्यायचे नसतात, नको म्हणून सांगायचं, ते उचलून नेतात. मला ते माहिती नव्हतं आणि त्यांनी सांगितलंही नाही, एकटी बाहेरगावची बाई बघून असं करावं याचा मला राग आला आणि अजून आहे. त्या मानाने संध्याकाळी राहायच्या जागेजवळच्या छोट्या खाणावळीत बाकल्यावची ती बारीक बटाट्याच्या सळ्या आणि अंड्यात परतलेली डिश खाल्ली, ब्राश म्हणतात तिला, खारवलेला मासा आहे पण खारट नाही लागत, आधी भिजवून मीठ काढलेलं असतं, आपल्या सुक्या माशासारखंच. शाकाहारी असाल तर सूप मागतानाही विचारा, त्यांच्या हिरव्या पाल्याच्या सूपमध्ये सॉसेजची चकती टाकतात.

बेलेम म्हणजे शहराचा पश्चिमेकडचा नदीकाठचा भाग, तिथे जायला प्रासा दु कुमेर्सियुवरून १५ नंबरची ट्राम, ती लांब, नवी, एसीवाली. जाताना डावीकडे नदी. उतरलं की समोरच जेरोनिमोस मठ, आणि त्याच्या आधी निळ्या छपरीचं ते पास्तेलचं दुकान, १८३७ पासूनचं. पास्तेल म्हणजे पिठाच्या पापुद्र्याच्या वाटीत अंड्याच्या बलकाचं कस्टर्ड भरून कडक भट्टीत भाजलेलं, वर काळे डाग पडेपर्यंत. शहरभर मिळतात, पण बेलेमच्या नावाने फक्त इथलेच, बाकी सगळ्यांना नाता म्हणतात. बाहेर पार्सलची रांग बघून घाबरू नका, आत जा, आत खोल्यांमागून खोल्या आहेत, निळ्या-पांढऱ्या टाइल्स लावलेल्या, मला पाच मिनिटांत टेबल मिळालं. एक तेव्हा साधारण दीड युरोच्या आत होता. टेबलावर दालचिनी आणि पिठीसाखर असते ती भुरभुरवायची. पहिला घास घेतला तर पापुद्रा असा वाजला की शेजारच्या टेबलावरच्या बाई हसल्या, आत कस्टर्ड चटका बसेल इतकं गरम, आणि दालचिनीचा वास. दोन खाल्ले आणि तिसरा मागवला. आमच्याकडे नाताळात ख्रिश्चन शेजारणी जे काय काय पाठवतात त्यातला खुसखुशीतपणा आठवला. टॉयलेटही स्वच्छ आहे, एकटं फिरताना हे फार महत्त्वाचं असतं, कुणी लिहीत नाही म्हणून लिहितेय.

मठाच्या चर्चमध्ये शिरलं की डाव्या हाताला वास्को द गामाची कबर. चौथीच्या पुस्तकात ज्याचं नाव पाठ केलं तो दगडात हात जोडून पडलाय, बाजूला दोरखंड आणि गलबत कोरलेलं. १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तो कोचीत वारला, तिथेच पुरला, नंतर त्याचे अवशेष पोर्तुगालला आणले आणि १८८० मध्ये इथे. लोक फोटो काढत होते. मला फोटो काढावासा वाटला नाही. १५०२ च्या सफरीत मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायकापोरांसकट याच माणसाने जाळलं होतं, ते त्या कबरीवर कुठे कोरलेलं नाही. नदीकाठच्या पोर्तुगीज दर्यावर्दींच्या त्या मोठ्या स्मारकाचंही तसंच, गलबताच्या आकाराचं आहे, १९६० मध्ये उभारलं. पायाशी दगडात जगाचा नकाशा, कुठे कधी पोचले ती सालं लिहिलेली. त्यांनी हे स्मारक उभारलं आणि पुढच्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मोकळा झाला. मी त्या नकाशावर आपल्या किनाऱ्यापाशी उभी राहून वसई कुठे येईल ते बोटाने मोजत होते.

पण मला सगळ्यात जास्त भिडलं ते बेलेमच्या बुरुजावर, आणि तेही तिकीट न काढता बाहेरून. बुरुजाच्या वायव्येच्या टेहळणी-मनोऱ्याखाली, जिथे मनोऱ्याचा भार भिंतीवर येतो तिथे, एक गेंड्याचं डोकं कोरलंय. पाचशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने शिंग झिजलंय, नाक झिजलंय, डोळ्याची खाच तेवढी कळते. ओहोटी होती म्हणून वाळूत उतरून मान वर करून बघितलं. हा गेंडा गुजरातचा! सुलतान मुजफ्फरशहाकडे पोर्तुगीजांनी दीवला किल्ला बांधायची परवानगी मागितली, ती त्याने दिली नाही, वर हा गेंडा भेट दिला, त्यांचा इथला गव्हर्नर आल्बुकर्कने तो जहाजात घालून राजा मानुएलला धाडला आणि २० मे १५१५ ला तो इथे उतरला, बुरुजाचं बांधकाम चालू असतानाच. लोक त्याला गंडा म्हणत, आपलाच शब्द. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने त्याचं ते प्रसिद्ध चित्र केलं ते प्रत्यक्ष न बघता, कुणीतरी पाठवलेल्या चित्रावरून. पुढे राजाने त्याला पोपला भेट म्हणून पाठवलं आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं, साखळीने बांधलेला होता, पोहता येत असूनही सुटता आलं नाही. मी किती वेळ तिथे होते कोण जाणे. अर्धा तास तरी. कुणी चला म्हणणारं नव्हतं, ग्रुप नव्हता, बस सुटणार नव्हती.

त्याच बुरुजावर ठिकठिकाणी वर्तुळात वर्तुळं असलेला एक गोल कोरलाय, आकाश मोजायचं यंत्र असतं ते, मानुएलचं चिन्ह, आज पोर्तुगालच्या झेंड्यावरही आहे. तसाच गोल वसईच्या बालेकिल्ल्याच्या दारावर आहे आणि आम्ही मुलं त्याला फुटबॉल म्हणायचो. चिमाजीअप्पांनी १७३९ ला वसई घेतली, तरी दारावरचा तो गोल राहिलाच. फोटो काढून भावाला पाठवला, त्याचा लगेच रिप्लाय, "ताई तू किल्ल्यात काय करतेयस?"

परतताना चुकले. १५ नंबरच दिसली म्हणून चढले, पण ती उलट दिशेची निघाली आणि अल्जेशला शेवटच्या स्टॉपवर जाऊन थांबली. संध्याकाळ होत आलेली, स्टॉपवर दोन-तीनच माणसं, क्षणभर छातीत धस्स झालं. ड्रायव्हरला कार्ड दाखवलं, त्याने समोरच्या स्टॉपकडे बोट केलं, सात-आठ मिनिटांत उलटी ट्राम आली, टेकवलं, हिरवा दिवा. एक पैसा जास्त गेला नाही. एकटीला चुकायची मुभा असावी लागते आणि ती या तिकिटात आहे, म्हणून मी पाचपैकी साडेचार देते, अर्धा कापला तो त्या सरमिसळ न चालणाऱ्या नियमासाठी.

संध्याकाळी परत २८ पकडायची असेल तर कांपु द ओरिकच्या टोकाहून चढा, दफनभूमीसमोरून सुटते, तिकडे रांग कमी असते आणि दिवे लागल्यावर उतारावरून येताना शहर फार छान दिसतं. साडेनऊला मेट्रोने खोलीवर आले, डब्यात बायका, मुली, म्हातारी माणसं होती, मला कुठे असुरक्षित वाटलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशीचं राहिलं. विमान दहाचं होतं. सकाळी ६:५५ ला आंझुशच्या फाटकाला तेच कार्ड टेकवलं, चोवीस तासांना अजून पाऊण तास होता, उघडलं. दोन स्टॉपवर अलामेडाला रेड लाइन बदलली आणि थेट विमानतळ, टॅक्सीचे पैसे वाचले. पहिल्यांदा टेकवायची वेळ अशी ठरवलीत तर तुम्हालाही जमेल. कार्ड वर्षभरच भरता येतं, त्यामुळे माझं आता बाद झालंय. आता वहिनी मेमध्ये जातेय. तिला मी बुरुजाच्या कुठल्या कोपऱ्यात बघायचं ते कागदावर काढून दिलंय.